दहाव्याचं भाषण

नवनाथ गागरेने आयुष्यात एकदाच कुणावर हात उगारला, आणि त्या हातात माईकचा स्टँड होता.

प्रवरेकाठच्या गावांत दशक्रिया विधीला माईक लागतो. घाटावर पिंड मांडून झाले की कावळ्याची वाट बघणं सुरू होतं, आणि तेवढ्या वेळात एकेक जण उठून मेलेल्या माणसाबद्दल चांगलं बोलतो. सरपंच, सोसायटीचे चेअरमन, एखादे माजी मुख्याध्यापक, शेवटी घरचा कोणीतरी. नवनाथचा धंदा हा माईक पुरवण्याचा होता. दोन कर्णे, एक ॲम्प्लिफायर, बॅटरी, आणि ओतीव लोखंडी बुडाचा एक स्टँड. अठराव्या वर्षापासून त्याने तेराशेच्या वर दहावे केले होते. बांधासाठी वीस वर्षं कोर्टात भांडलेल्या भावांना एकमेकांबद्दल "देवमाणूस" म्हणताना त्याने ऐकलं होतं. कधीही भरून न येणारी पोकळी हे शब्द तर रोजचेच. "एवढ्या पोकळ्या पडल्या म्हणल्यावर तालुका खचायला पाहिजे होता राव," असं तो म्हणायचा.

त्याची धाकटी बहीण ऋतुजा मार्च २०३७मध्ये सासरच्या विहिरीत पडून मेली. अपघाती मृत्यू अशी नोंद झाली. त्याआधीच्या वर्षात ती दोनदा माहेरी आली होती आणि दोन्ही वेळा तिच्या दंडावर वळ होते. दहाव्याला माईक नवनाथचाच होता, कारण त्या पंचक्रोशीत दुसरा नव्हता. शेवटी सासरा उभा राहिला. "आमची ऋतुजा म्हणजे घरातली लक्ष्मी. तिला आम्ही सून मानलंच नाही, लेक मानली," एवढं तो बोलला. पुढचं वाक्य कर्ण्यातून आलं नाही. सासऱ्याच्या गळ्याजवळचं हाड आणि दोन बरगड्या मोडल्या.

न्यायालयाने पहिला गुन्हा आणि घडलेली परिस्थिती लक्षात घेऊन नवनाथला तुरुंगात पाठवलं नाही. तीन वर्षं चांगल्या वर्तणुकीचं बंधपत्र, आणि त्या काळात परिवीक्षा अधिकाऱ्याची देखरेख. मुदत संपण्याची तारीख होती १७ एप्रिल २०४१. या तारखेला आणखी एक गोष्ट बांधलेली होती. ऋतुजाची मुलगी ईश्वरी सासरीच होती. बालकल्याण समितीने लिहून दिलं होतं की मामाचं बंधपत्र एकाही ठपक्याविना पार पडलं, तर मुलगी शाळेच्या सगळ्या सुट्ट्या आजोळी काढेल. ठपका आला, तर आजोळचा अर्ज फेटाळून निकाली. नवनाथच्या आईने स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर तारखेभोवती कुंकवाने गोल केला होता. तीन कॅलेंडरं बदलली; नवं आलं की आधी एप्रिलचं पान शोधून ती सतरावर गोल करायची.

*

परिवीक्षा अधिकारी इंदुमती कडलग तेव्हा छप्पन्न वर्षांच्या होत्या. कार्यालयात त्यांना मॅडम म्हणत, देखरेखीखालची माणसं बाई म्हणत. त्यांच्याकडे चौसष्ट प्रकरणं होती आणि प्रत्येकाची फाईल हाताने नीट लावलेली होती. कौतुक करणं त्यांना जमत नसे. वडील शाळा तपासनीस होते. मुलगी दहावीला केंद्रात पहिली आली तेव्हा ते निकाल वाचून "भूगोलात कमी पडलेत" एवढंच बोलले होते. मात्र तोच निकाल त्यांनी पोस्टमनला, पिठाच्या गिरणीवाल्याला आणि एसटीच्या कंडक्टरला वाचून दाखवला, हे तिला पुढे बऱ्याच वर्षांनी कळलं.

नवनाथ दर दुसऱ्या सोमवारी यायचा.

"सव्वाअकरा वाजले. अकराची वेळ होती."

"बाई, एसटी पंक्चर झाली."

"मागल्या वेळीही पंक्चर होती. एसटीला दुसरा आजार होत नाही का? सही कर. वाचता येईल अशी."

मग ती सही उलटसुलट बघून त्या "ठीक" म्हणायच्या. नवनाथ उठून जिन्याकडे निघाला, की लिपिक तांबेंना त्या सांगायच्या, "सरळ माणूस आहे हा. यातून निघेल." हे त्या जिन्यापर्यंत ऐकू जाईल एवढ्या आवाजात का सांगतात, हे तांबेंना ठाऊक होतं. नवनाथलाही होतं. तो चौथ्या पायरीवर चपलेचा अंगठा नीट करण्यासाठी थांबायचा.

"तुमच्याकडं आलं का बरं वाटतं," तो एकदा म्हणाला. "हितं कोणी गोड बोलत नाय."

"कामं कर, म्हणजे बोलायची वेळ येणार नाही. आणि त्या पंख्याचा आवाज बघ, तुझ्याच खात्यातलं आहे."

"बाई, आपलं खातं आवाज वाढवायचं," असं म्हणत त्याने पंखा दुरुस्त करून दिला.

*

जुलै २०४०मध्ये नवी पर्यवेक्षण प्रणाली आली. तिचं सरकारी नाव लांबलचक होतं. कार्यालयात सगळे तिला शाबासकी म्हणू लागले.

त्यामागचं शास्त्र नवं नव्हतं आणि खोटंही नव्हतं. देखरेखीखालच्या माणसाला एका ताकिदीमागे किमान चार वेळा शाबासकी मिळाली, तर तो पुन्हा गुन्ह्याकडे वळण्याची शक्यता कमी होते, हे बऱ्याच वर्षांच्या अभ्यासातून दिसत आलं होतं. अडचण अधिकाऱ्यांची होती. चौसष्ट माणसांना आठवड्यातून चारदा काय म्हणून चांगलं म्हणायचं? आणि ठरावीक वेळी म्हटलेलं चांगलं फुकट जातं. मेंदू अपेक्षित गोष्टीची फारशी दखल घेत नाही. अपेक्षा आणि प्रत्यक्ष यांत जेवढं अंतर, तेवढा ठसा खोल. म्हणजे शाबासकी खरी हवी, नेमकी हवी आणि ध्यानीमनी नसताना यायला हवी.

प्रणाली तेवढंच करत होती. माणसाच्या मनगटाला एक पट्टा. तो नाडी मोजायचा आणि त्वचेचा ओलावा मोजायचा. मन हललं की घामाच्या बारीक ग्रंथी सेकंदा-दोन सेकंदात जाग्या होतात आणि त्वचेतून वीज किंचित सहज वाहते. फोनवर शाबासकीचा निरोप ऐकल्यावर पुढच्या पाच सेकंदांत त्वचा किती बदलली, त्यावरून शंभरपैकी अंक निघायचा. त्याला प्रतिसाद अंक म्हणत. कोणत्या शब्दांवर, कोणत्या वेळी अंक वाढतो हे प्रणाली शिकत जायची आणि त्या वाटेने पुढचे निरोप करायची. निरोप अधिकाऱ्याच्याच आवाजात जायचे. त्यासाठी प्रत्येकाने अर्धा तास वाचन करून आवाज दिला होता.

त्वचेला एकच गोष्ट सांगता येत नाही. मन किती हललं ते ती सांगते, कोणत्या बाजूला हललं ते सांगत नाही. प्रणाली तयार करणाऱ्यांना हे माहीत होतं. त्यांनी चाळीस हजार माणसांवर पडताळून पाहिलं. कौतुक ऐकल्यावर जी हालचाल होते ती जवळपास प्रत्येक वेळी आनंदाची असते, असं आढळलं. ते गृहीत धरण्यात आलं. प्रशिक्षणात एका अधिकाऱ्याने विचारलं होतं, "कौतुकाने कोणाला राग आला तर?" सभागृहात हशा झाला. प्रशिक्षकही हसले आणि म्हणाले, "तसा माणूस सापडला तर मला भेटवा."

कडलगबाईही हसल्या होत्या.

प्रत्येकाची माहिती भरताना एक रकाना होता, प्रेरणास्थान. बहुतेक अधिकाऱ्यांनी तो मोकळा सोडला. बाईंना मोकळा रकाना सहन होत नसे. नवनाथसमोर त्यांनी लिहिलं, "दिवंगत बहीण ऋतुजा, भाची ईश्वरी." चांगल्या कामाची शाबासकी अधिकाऱ्यांनाही मिळावी म्हणून त्यांनाही पट्टा देण्यात आला, ऐच्छिक म्हणून, आणि कोणी नाही म्हटलं नाही. स्वतःच्या अर्जात त्याच रकान्यात त्यांनी लिहिलं, "वडील."

*

ऑगस्टअखेर नवनाथचा अंक त्र्याऐंशी होता. ऑक्टोबरात एक्क्याण्णव. विभागात एवढा कोणाचाच नव्हता. बाईंच्या इतर माणसांचा अंक पन्नास-पंचावन्नच्या घरात होता आणि त्यात त्यांचं भलंही होत होतं. दारू सोडलेला एक ट्रॅक्टरवाला तर निरोप आला की फोन कानाला धरून अंगणात फेऱ्या मारायचा. प्रणाली काम करत होती, याबद्दल त्यांना शंका नव्हती.

त्या सोमवारी नवनाथ अकराच्या आधी आला. सही केली.

"बारीक झालास."

"नाय. हाये तसाच."

"अंक बघितलास का? एक्क्याण्णव." बाईंनी पडदा त्याच्याकडे वळवला. अंक सांगताना त्यांचा आवाज थोडा वर गेला. हे त्यांना बोलून झाल्यावर जाणवलं.

"ते दहाव्याचं भाषण चालू असतं ना दिवसभर, त्याचा अंक का?"

तांबे खुर्चीवर मागे रेलून हसले. "अरे, आम्हाला जिवंतपणी कोणी ऐकवत नाही रे! मी मेल्यावर तूच माईक लाव, आणि मला जरा मोठ्याने ऐकव."

नवनाथही हसला. बाईंनी तो विनोद म्हणून घेतला. "मिळतंय तर घ्यावं," त्या म्हणाल्या. "चांगलं म्हणतंय ना कोणीतरी?"

"व्हय," नवनाथ म्हणाला. "कोणीतरी म्हणतंय."

त्या दिवशी तो जिन्यावर थांबला नाही. बाईंच्या ते ध्यानात आलं, पण त्यांनीही तांबेंना काही सांगितलं नव्हतं. एक्क्याण्णव अंक असलेल्या माणसाला वेगळं काय सांगायचं, असं त्यांना वाटलं होतं.

*

फेब्रुवारीच्या शेवटच्या बुधवारी, त्याचा वार नसताना, नवनाथ दुपारी आला. खुर्चीवर बसला नाही.

"बाई, हे थांबवा."

"काय झालं?"

"तुम्ही ऐकलंय का, काय म्हणता तुम्ही ते?"

"मी?"

"तुमचाच आवाज असतो."

बाईंनी पडद्यावर प्रणालीची नोंदवही उघडली. सर्व निरोप तिथे साठवलेले होते आणि त्यांनी सप्टेंबरनंतर ते ऐकले नव्हते. चौसष्ट माणसांचे निरोप ऐकायला दिवस पुरला नसता. त्यांनी आदल्या दिवसाचा पहिला निरोप लावला.

"नवनाथ, काल तुम्ही आईला दवाखान्यात घेऊन गेलात. असा मुलगा भाग्यानेच मिळतो. आज ऋतुजाताई असत्या, तर त्यांना तुमचा अभिमान वाटला असता."

आवाज हुबेहूब त्यांचा होता. फक्त त्यात त्यांनी आयुष्यात कधीही न वापरलेला गोडवा होता. त्यांनी दुसरा लावला. "ऋतुजाताईंनी तुमच्यात जे पेरलं, ते आज उगवताना दिसतंय." तिसरा. "ऋतुजाताई तुम्हाला भाऊ नाही, वडील मानत होत्या."

त्यांनी पुढचे ऐकले नाहीत, मोजले. सात महिन्यांत सहाशे बारा निरोप. सुरुवातीला दिवसाला एक, आता पाच. पहिल्या महिन्यात ऋतुजाचं नाव दोनदा होतं. फेब्रुवारीतल्या एकशे एकोणीस निरोपांपैकी एकशे चौदांत होतं. प्रत्येक वेळी नाव आलं की आलेखाची रेघ सरळ वर गेली होती. प्रणालीला त्याचं सगळ्यात नाजूक ठिकाण सापडलं होतं आणि ती दिवसातून पाच वेळा तिथेच बोट ठेवत होती.

"रकाना मी भरला होता," बाई म्हणाल्या.

"कोणता रकाना?"

त्यांनी सांगितलं. नवनाथने पट्ट्याकडे बघितलं. "तुमच्यावर राग नाय माझा," तो म्हणाला. "पण निरोप आला का हात असा होतो." त्याने उजवी मूठ आवळून दाखवली. बोटांची पेरं पांढरी पडली. "त्या दिवशी झालता तसाच. मग मी घराच्या मागं जातो आन् मोकळा होईस्तोवर बसून राहतो. आईला वाटतं, पोट बिघडलंय."

बाईंनी मदतकेंद्राला फोन लावला. तिकडच्या मुलीने सौजन्याने सगळं ऐकून घेतलं. निरोप बंद करण्याची तरतूद होती. सलग दोन महिने अंक चाळिसाच्या खाली असेल तर.

"त्याचा अंक शहाण्णव आहे," बाई म्हणाल्या.

"मग प्रश्न काय आहे, मॅडम?"

"तो अंक रागाचा आहे."

"मॅडम, तशी नोंद प्रणालीत करता येत नाही. अंक कमी करायचा असेल तर ताकीद नोंदवता येईल. एका ताकिदीला वीस अंक जातात."

ताकीद म्हणजे ठपका. ठपका म्हणजे ईश्वरीचा अर्ज निकाली. बाईंनी फोन ठेवला आणि नवनाथला सगळं जसंच्या तसं सांगितलं. त्यांना गोष्टी लपवता येत नसत.

"सात आठवडे राहिलेत," त्या म्हणाल्या. "माझा आवाज मी काढून घेते. तेवढं माझ्या हातात आहे. बाकी कळ काढ."

आवाजाची संमती त्यांनी त्याच दिवशी रद्द केली. पुढच्या सोमवारी नवनाथ आला तेव्हा डोळ्यांखाली काळं पडलं होतं.

"आता कमी झालं का?"

"आता कोणीतरी अनोळखी बाई हाये," तो म्हणाला. "पुण्याकडची असावी. ऋतुजाचं नाव घेती. तुमचा आवाज होता तवा निदान मी मनात म्हणायचो, बाई अशा बोलत नाहीत. आता काय म्हणू?"

रद्द केलेली संमती वर्षभर पुन्हा देता येत नव्हती.

*

मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात विभागाचं पत्र आलं. सर्वाधिक प्रतिसाद अंकाबद्दल नवनाथ सोपान गागरे यांचा जाहीर सत्कार, आणि उत्कृष्ट पर्यवेक्षणाबद्दल श्रीमती कडलग यांचा. बाईंनी नकार कळवला. उत्तर आलं की सत्कार नाकारणं हे परिवीक्षाधीन व्यक्तीचं असहकार्य समजलं जाईल. त्यांनी भाषणातून बहिणीचा उल्लेख गाळण्याची विनंती केली. उत्तर आलं की भाषण प्रणालीच तयार करते आणि वक्त्यांच्या समोरच्या पडद्यावर ते ऐनवेळी येतं. उपायुक्तांनाही आधी दिसत नाही. उत्स्फूर्तपणा राहावा, हा हेतू.

ध्वनिव्यवस्थेचं काम तांबेंनी नवनाथलाच दिलं. त्यांना वाटलं, तेवढाच त्याला आधार.

"दहा मिनिटांचा प्रश्न आहे," बाई त्याला म्हणाल्या. "कानात बोळे घालून बस."

"माईकवालाच कानात बोळे घालून बसला तर लोक हसतील ना बाई."

"हसू देत."

"बघतो," तो म्हणाला. मग जाता जाता वळला. "स्टँड आणणार नाय मी. टेबलावरचा बुटका माईक आणतो. चालंल ना?"

"चालेल," त्या म्हणाल्या.

तेवीस मार्चला सकाळी अकरा वाजता नगरपरिषदेच्या सभागृहात एकशेवीस माणसं होती. पहिल्या रांगेत न्यायदंडाधिकारी, बालकल्याण समितीच्या दोन सदस्या, नवनाथची आई. आईने इरकली नेसली होती. व्यासपीठावर टेबलाच्या मधोमध बुटका माईक होता. त्याची वायर नवनाथने टेबलाच्या कडेने चिकटपट्टीने नीट लावली होती, कोणाचा पाय अडकू नये म्हणून. ॲम्प्लिफायर त्याच्याच खुर्चीशेजारी होता. शाल, श्रीफळ झालं. उपायुक्त बोलायला उभे राहिले. ते सज्जन गृहस्थ होते आणि त्यांनी पडद्यावरचं मनापासून वाचलं.

"माणूस घडतो तो संस्कारांनी. नवनाथरावांना हे संस्कार दिले त्यांच्या भगिनींनी. ऋतुजाताई म्हणजे त्या घरातली लक्ष्मी..."

प्रणालीला ते वाक्य कुठून मिळालं, हे बाईंनी नंतर शोधून काढलं. न्यायालयाच्या कागदपत्रांत साक्षीदाराच्या जबाबात ते शब्दशः होतं. ती कागदपत्रं प्रकरणाला जोडलेली होती. तीही बाईंनीच जोडली होती, पूर्ण, एकही पान न गाळता.

नवनाथ उठला. बाई अर्ध्या उठल्या आणि तशाच राहिल्या. तो उपायुक्तांकडे गेला नाही. खाली वाकून त्याने ॲम्प्लिफायरचं बटण हळूहळू शून्यावर आणलं, कारण एकदम बंद केलं तर कर्णे फाटतात. उपायुक्त पुढचं वाक्य नुसतेच ओठ हलवल्यासारखे बोलत राहिले, मग थांबले. नवनाथने वायर सोडवली आणि कोपरात वेढे घेत नीट गुंडाळली. मग त्याने मनगटावरचा पट्टा सोडला आणि टेबलावर श्रीफळाशेजारी ठेवला.

"माफ करा साहेब," तो म्हणाला. माईक बंद असल्याने ते पहिल्या दोन रांगांनाच ऐकू गेलं. "आज स्टँड आणला नाय, म्हणून बरं."

आईजवळ जाऊन तो तिच्या पायाशी खाली बसला. आईने त्याच्या डोक्यावर हात ठेवला, पण बघत ती समितीच्या बायकांकडे होती. त्या दोघी आपसांत हळू बोलत होत्या. एकीने वही काढली.

पट्ट्याची शेवटची नोंद अकरा वाजून चौतीस मिनिटांची होती. अंक नव्याण्णव. तोवर राज्यात नोंदलेला सर्वाधिक.

*

पट्टा काढणं हा बंधपत्राचा भंग होता आणि चोवीस तासांत अहवाल देणं बंधनकारक होतं. कारणाच्या रकान्यात दोनच पर्याय होते, तांत्रिक बिघाड आणि हेतुपुरस्सर. एकशेवीस माणसांनी पाहिलेल्या गोष्टीला बिघाड म्हणता येत नव्हतं. बाईंनी दुसरा पर्याय निवडला आणि चार पानांचं टिपण जोडलं. त्यात आवळलेली मूठ होती, घरामागे जाऊन बसणं होतं, बुटका माईक होता. ज्या माणसाने स्वतःहून स्टँड घरी ठेवला त्याच्यापासून कोणाला धोका नाही, असं त्यांनी स्पष्ट लिहिलं.

सुनावणी एप्रिलच्या नऊ तारखेला झाली, मुदत संपायला आठ दिवस असताना. सरकारी वकिलांनी आलेख दाखवला. सात महिने रेघ सतत वर गेलेली होती. "एवढ्या प्रोत्साहनाला एवढा उत्तम प्रतिसाद देणाऱ्या व्यक्तीने व्यवस्थेचा भर सभेत अवमान केला," ते म्हणाले. "राग असता तर तो दिसला असता. आलेखात राग कुठे आहे?"

बाई साक्षीला उभ्या राहिल्या. "तोच राग आहे," त्या म्हणाल्या. वकिलांनी विचारलं की यासाठी आपल्याकडे कोणतं मोजमाप आहे. बाई म्हणाल्या, मी माणूस तीन वर्षं बघितलाय. न्यायदंडाधिकाऱ्यांनी ते लिहून घेतलं. पण निकालात आधार आलेखाचा घेतला गेला.

नवनाथला विचारलं, काही सांगायचं आहे का.

"नाय. बाईंनी सांगितलं तेवढंच."

मूळ गुन्ह्यासाठी अठरा महिने. बालकल्याण समितीचं पत्र त्याच आठवड्यात आलं, दोन ओळींचं. कॅलेंडरवरचा गोल आईने पुसला नाही. सतरा तारीख आली आणि गेली.

मे महिन्यात तांबे तुरुंगात भेटून आले. बाई गेल्या नव्हत्या. प्रकरण बंद होईपर्यंत जाता येत नाही, असं त्यांनी कारण दिलं होतं.

"काय म्हणतो?"

"झोप लागते म्हणतो. तिथे अजून पट्टे आलेले नाहीत." तांबेंनी पिशवी खुंटीला अडकवली. "शिपायाने शिवी दिली की बरं वाटतं म्हणे. तुमची आठवण येते."

एरवी या वाक्यावर कार्यालयात हसू झालं असतं. बाई फाईल बघत राहिल्या. "सरळ माणूस आहे तो," त्या बऱ्याच मोठ्याने म्हणाल्या. जिन्यावर कोणी नव्हतं.

मग त्यांनी बंदचा शेरा भरला. गागरे, नवनाथ सोपान, बंधपत्र भंग, शिक्षा लागू, प्रकरण समाप्त. सर्व रकाने पूर्ण. पाठवलं.

सहा सेकंदांत फोन वाजला. सावकाश बोलणारा, वयस्क पुरुषी आवाज होता.

"इंदुमती, नवनाथ गागरे प्रकरणात तुम्ही दाखवलेली काटेकोर निष्ठा अनुकरणीय आहे. एकही रकाना मोकळा नाही. आज तुमचे वडील असते, तर त्यांना तुमचा अभिमान वाटला असता."

बाईंनी फोन टेबलावर ठेवला. उजव्या हाताची बोटं आपोआप तळव्यात वळली होती. मनगटावरच्या पट्ट्यावर हिरवा आकडा उमटला. अठ्ठ्याऐंशी.

दुसऱ्या दिवशी दोन निरोप आले. दोन्हींत वडील होते.